वार ओलांडणारा विषाणू

आठवी ते दहावीच्या कोणत्याही वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : पोटातल्या बाळाच्या अंगात कोणाचे रक्त खेळते? बहुतेक मुले ‘आईचे’ असे उत्तर देतात. शिक्षक-खोलीत हाच प्रश्न विचारला तर उत्तर फार वेगळे येईल असे खात्रीने सांगवत नाही. ‘रक्ताचे नाते’ हा शब्दप्रयोग आपल्या मनात इतका घट्ट बसला आहे, की आईचे रक्तच नाळेतून बाळाकडे जात असणार असे आपण गृहीत धरतो. मग दुसरा प्रश्न विचारावा. आईचा रक्तगट ‘ओ’ आणि बाळाचा ‘बी’ असू शकतो का? असू शकतो, हे मुलांना माहीत असते. आता ही दोन रक्ते नऊ महिने एकमेकांत मिसळत राहिली तर काय होईल? इथे वर्ग विचारात पडतो, आणि वारेचा पाठ सुरू करायला हीच वेळ उत्तम.

पाठ्यपुस्तकात जिला अपरा म्हणतात, तीच आपल्या घरातल्या जुन्या बायकांच्या बोलण्यातली वार. मूल बाहेर आल्यानंतर थोड्या वेळाने ती पडते, आणि ती पूर्ण पडली की नाही हे सुईण किंवा डॉक्टर नीट पाहतात. तेवढे झाले की तिचे काम संपते. म्हणून तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. दिवस पूर्ण भरलेल्या गरोदरपणातली वार भाकरीसारखी गोल, वीस-बावीस सेंटिमीटर व्यासाची, दोन-अडीच सेंटिमीटर जाड आणि साधारण अर्धा किलो वजनाची असते.

तिची रचना समजावून सांगायला एक कांदा आणि पाण्याने भरलेला ग्लास पुरतो. कांदा ग्लासच्या तोंडावर असा ठेवावा, की त्याचा बूड पाण्याला टेकेल. चार-पाच दिवसांत पांढऱ्या मुळ्यांचा झुबका पाण्यात उतरतो. वारेतही असेच झुबके असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. नाळेतून आलेले बाळाचे रक्त या रसांकुरांच्या आतल्या केशवाहिन्यांतून फिरते आणि परत जाते. ग्लासमधल्या पाण्याच्या जागी असते आईचे रक्त. गर्भाशयाच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्यांतून ते रसांकुरांभोवतीच्या पोकळीत येते, त्यांना बाहेरून न्हाऊ घालते आणि परत आईच्या शिरांत जाते. प्राणवायू, साखर, क्षार आत जातात. कार्बन डायॉक्साइड आणि युरिया बाहेर येतात. रक्ते मात्र आपापल्या जागी राहतात. सगळ्या रसांकुरांचा पृष्ठभाग उलगडून पसरला, तर तो बारा-चौदा चौरस मीटर भरेल, म्हणजे एका खोलीच्या फरशीएवढा. अर्ध्या किलोच्या अवयवात एवढी देवघेवीची जागा मावलेली असते.

आता या लेखाचा खरा विषय. आईला एखाद्या विषाणूची लागण झाली आणि तो तिच्या रक्तात उतरला, तर तो या पोकळीतही पोचणारच. रसांकुर त्याच्यात बुडालेले असतात. तरीही गरोदरपणात सर्दी-खोकला, ताप येऊन गेलेल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळे ठणठणीत जन्मतात. असे का होते?

याचे मोठे श्रेय रसांकुरांच्या सर्वांत बाहेरच्या थराला आहे. आपल्या त्वचेत, आतड्यात, फुप्फुसात पेशी विटांसारख्या शेजारी शेजारी रचलेल्या असतात आणि दोन विटांमध्ये सांधा असतो. अनेक रोगजंतू या सांध्यांतून वाट काढतात. रसांकुरांच्या बाहेरच्या थरात सांधेच नाहीत. तिथल्या पेशी एकमेकींत विरघळून एकच एक सलग पडदा बनलेला असतो. असंख्य केंद्रके आणि सर्वांना मिळून एकच पेशीद्रव, अशी ती एक अवाढव्य पेशीच म्हणावी लागेल. शिवाय हा पडदा विषाणूंना रोखणारी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सतत पाझरत असतो.

या पेशींना एकमेकींत विरघळवते ते सिन्सायटिन नावाचे प्रथिन. २००० साली या प्रथिनाच्या जनुकाचे मूळ उलगडले, तेव्हा जीवशास्त्रज्ञही चकित झाले. हे जनुक मुळात एका विषाणूचे आहे. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी आपल्या वानर पूर्वजांना एका विषाणूची लागण झाली आणि त्याची जनुके त्यांच्या प्रजनन-पेशींत कायमची अडकून पडली. विषाणू ज्या प्रथिनाच्या साहाय्याने पेशीला चिकटून तिच्यात शिरत असे, तेच प्रथिन आज आपल्या वारेतल्या पेशी एकमेकींना जोडण्यासाठी वापरतात. विषाणूंना अडवणारी भिंत एका विषाणूच्याच गवंडीकामातून उभी राहिली आहे! उत्क्रांती शिकवताना ‘जे हाताशी असेल ते वापरणे’ याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

अशी भिंत असल्यामुळेच ‘वारेतून काही आत जात नाही’ अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांमध्येही रूढ होती. जन्मतः व्यंग असले तर ते आनुवंशिक असणार, असे धरून चालत. ही समजूत हलवली ती ऑस्ट्रेलियातल्या सिडनी येथील नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांनी.

१९४१ साली त्यांच्याकडे मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे एकामागून एक येऊ लागली. एरवी अशी बाळे क्वचित दिसत. डोळ्याच्या भिंगाचा मधला, म्हणजे सर्वांत आधी तयार होणारा भाग पांढुरका झाला होता. अनेक बाळांच्या हृदयातही दोष होता. आनुवंशिक दोष एकाच वर्षी इतक्या घरांत कसे उद्भवतील? ग्रेग यांनी मातांकडे चौकशी केली. गरोदरपणाच्या सुरुवातीला आपल्याला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर झाला होता, असे त्यांतल्या बहुतेकींनी सांगितले. १९४० मध्ये ऑस्ट्रेलियात रुबेलाची मोठी साथ येऊन गेली होती. युद्ध सुरू होते, लष्करी छावण्यांत तरुणांची दाटी होती आणि रजेवर घरी येणारे जवान साथ बरोबर आणत होते. ग्रेग यांनी इतर डॉक्टरांकडून माहिती मिळवून एकूण ७८ बाळांची नोंद केली. त्यांतल्या ६८ जणांच्या आयांना रुबेला होऊन गेल्याचे आढळले.

ज्या आजाराने आईला एक-दोन दिवस बारीक ताप, अंगावर फिकट पुरळ आणि कानामागच्या गाठींची सूज यापलीकडे काही होत नाही, तो आजार तिच्या बाळाची दृष्टी नेतो, हे पटणे सोपे नव्हते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकातल्या मातब्बर नियतकालिकाने १९४४ मध्येही पुरावा अपुरा असल्याचे मत दिले. ती शंका अगदीच गैर नव्हती, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. बाळ आजारी असल्यावर आईला मागचे आजार विचारले, तर ती आठवून आठवून काहीतरी सांगणारच. वेगळ्या प्रकारचा पुरावा हवा होता, आणि तो मिळाला जनगणनेत.

ग्रेग यांच्या पाठोपाठ ऑस्ट्रेलियातल्याच इतर डॉक्टरांना अशा मुलांत बहिरेपणाही सापडला होता. एच. ओ. लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञांनी जुन्या जनगणनांमधली मूकबधिरांची आकडेवारी काढून वयोगटांनुसार मांडली. १९११ च्या जनगणनेत १० ते १४ या वयोगटात मूकबधिरांची संख्या एकदम उंचावलेली दिसली. १९२१ च्या जनगणनेत तोच उंचवटा २० ते २४ या वयोगटात होता. मुलांना वजाबाकी करायला सांगा. दोन्ही वेळा जन्मसाले येतात ती शतक उलटण्याच्या आसपासची. त्याच सुमारास, १८९८-९९ मध्ये, ऑस्ट्रेलियात रुबेलाची साथ आल्याच्या नोंदी लँकेस्टर यांना मिळाल्या. चाळीस वर्षे हा पुरावा सरकारी तक्त्यांत पडून होता. त्याला प्रश्न विचारणारा कोणी भेटला नव्हता, एवढेच. हे लँकेस्टर यांचे काम १९५१ सालचे. आलेखाच्या पाठाला हे उदाहरण जरूर घ्यावे. बनावट आकड्यांपेक्षा मुले त्यात जास्त रमतात.

मग रुबेलाचा विषाणू ही सांधे नसलेली भिंत ओलांडतो कसा? पुरळ उठण्याच्या काही दिवस आधीच तो आईच्या रक्तात आलेला असतो. तिथून तो वारेत उतरतो आणि रसांकुरांत ठाण मांडतो. अशा वारेचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की रसांकुरांच्या आतल्या केशवाहिन्यांचे अस्तर जागोजागी मेलेले दिसते. या अस्तराच्या सुटलेल्या पेशी बाळाच्या रक्ताबरोबर वाहत जातात आणि विषाणू त्यांच्यावर स्वार होऊन हृदय, डोळे, कान, मेंदू यांपर्यंत पोचतो. थोडक्यात, वार अडवणारी भिंत असते तशी लागण झाल्यावर ती विषाणूची वखारही बनू शकते.

आत गेल्यावर हा विषाणू सरसकट पेशी मारत सुटत नाही. तो पेशींच्या विभाजनाचा वेग मंद करतो. मोठ्या माणसात याने फारसे बिघडत नाही. पण सहाव्या-सातव्या आठवड्यातल्या गर्भात प्रत्येक अवयव ठरलेल्या दिवसांत घडत असतो. भिंगाच्या पेशींना वाढायचे ते याच काळात, हृदयातले पडदे जुळायचे तेही याच काळात. वेळ चुकली की ती गाडी पुन्हा येत नाही. म्हणून आईला रुबेला कधी झाला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला लागण झाली तर बाळात दोष उद्भवण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. बाराव्या आठवड्यानंतर ती झपाट्याने उतरते. कानाची घडण अधिक काळ चालते, म्हणून चौथ्या महिन्यातल्या लागणीने बाळ फक्त बहिरे होऊ शकते. विसाव्या आठवड्यानंतर दोष क्वचितच दिसतात.

आईच्या शरीरात तोवर विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, मग ती बाळाला का वाचवत नाहीत? इथे वारेचा आणखी एक गुण कळतो. आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडे वार स्वतः निवडून, जणू हाताला धरून, आईकडून बाळाकडे नेते. पण हे काम चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते आणि शेवटच्या तीन महिन्यांत भराला येते. म्हणजे ज्या आठवड्यांत धोका सर्वाधिक, त्याच आठवड्यांत संरक्षण सर्वांत कमी. उलट शेवटी शेवटी मिळालेली शिदोरी बाळाला जन्मानंतर काही महिने पुरते. गोवराची पहिली लस नवव्या महिन्यापर्यंत थांबून देतात त्याचे कारण हेच : आईकडून आलेली प्रतिपिंडे तोपर्यंत लसीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करतील.

आयजीएम या प्रकारची प्रतिपिंडे आकाराने कितीतरी मोठी असतात. त्यांना वार आत घेत नाही. डॉक्टरांनी याचा सुरेख उपयोग करून घेतला आहे. नवजात बाळाच्या रक्तात रुबेलाविरुद्धचे आयजीजी सापडले तर ते आईचे असू शकते. त्यावरून काही सिद्ध होत नाही. आयजीएम सापडले तर ते बाळाने स्वतःच तयार केलेले असणार. म्हणजे विषाणू वार ओलांडून आत गेला होता, याचा तो पुरावा. असे बाळ जन्मल्यानंतर कित्येक महिने, कधी वर्षभरही, लाळेतून आणि लघवीतून विषाणू बाहेर टाकत असते.

सगळे विषाणू याच वाटेने येतात असे मात्र नाही. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आडवाट शोधतो. कांद्याच्या काही मुळ्या ग्लासच्या तळाला टेकतात, तसे काही रसांकुर गर्भाशयाच्या भिंतीत रुतलेले असतात. तिथे सलग पडद्याऐवजी सुट्या पेशी आईच्या ऊतींना भिडतात, आणि तीच जागा हा विषाणू हेरतो. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळे मोठ्या संख्येने जन्मली, तेव्हा डासांमार्फत पसरणाऱ्या झिका विषाणूचे नाव जगाला कळले. तो रसांकुरांच्या गाभ्यातल्या भक्षक पेशींमध्ये, म्हणजे साफसफाई करणाऱ्या पेशींमध्येच वाढताना आढळला. २०२४ मध्ये पुणे शहरात झिकाचे जे रुग्ण आढळले, त्यांत गरोदर स्त्रिया होत्या. त्या वेळी इतकी धावपळ का झाली हे आता लक्षात येईल.

कोविडने तर वेगळाच धडा दिला. या विषाणूची लागण वारेला सहसा होत नाही, आणि झाली तरी तो बाळापर्यंत बहुधा पोचत नाही. पण काही थोड्या प्रसंगी त्याने वारच निकामी केली. रसांकुरांचा बाहेरचा थर मेला आणि भोवतीच्या पोकळीत रक्त गोठवणारे फायब्रिन साचले. ग्लासमधले पाणीच थिजावे तसे हे झाले. बारा देशांमधल्या ६८ मृत बाळांच्या वारांचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांत वारेचा सरासरी तीन चतुर्थांशांहून अधिक भाग नष्ट झालेला होता. बाळाला संसर्ग होण्याची गरजच पडली नव्हती. त्याचा प्राणवायू वाटेतच थांबला होता. या मातांपैकी एकीनेही कोविडची लस घेतलेली नव्हती.

परत रुबेलाकडे येऊ, कारण त्याच्यावर उपाय आहे आणि तो शाळेतून जातो. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत या आजाराची प्रचंड साथ आली. सुमारे सव्वा कोटी लोकांना लागण झाली, ११ हजारांवर गर्भ गेले आणि जन्मजात दोष असलेली २० हजार बाळे जन्मली. त्याच साथीत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत स्टॅनले प्लॉटकिन यांनी एका बाधित गर्भाच्या ऊतीतून विषाणू वेगळा केला आणि तो थंड तापमानात पुनःपुन्हा वाढवून सौम्य केला. आरए २७/३ हे त्याचे नाव : सत्ताविसावा गर्भ, तिसरी ऊती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या गोवर-रुबेला लशीत हाच विषाणू असतो.

भारतात या लशीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या पाच प्रदेशांत गोवा होता. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलामुलींना लस द्यायची होती, त्यामुळे बराच भार शाळांवर पडला. पालकांचे प्रश्नही शिक्षकांनाच झेलावे लागले. त्यांतला एक प्रश्न अगदी रास्त होता : त्रास होणार तो गरोदर स्त्रीला, मग मुलग्यांना टोचायचे कशासाठी?

उत्तर १९४० च्या छावण्यांतच आहे. विषाणू मुलगा-मुलगी पाहत नाही, आणि गरोदर स्त्रीला तो बहुधा घरातल्या मुलाकडूनच मिळतो. दुसरा मुद्दा थोडा अवघड आहे, पण वरच्या वर्गांना समजतो. ग्रीसमध्ये मुलांना रुबेलाची लस १९७५ च्या सुमारास मिळू लागली, पण पुढे कित्येक वर्षे निम्म्या मुलांनाही ती पोचली नाही. अर्धवट लसीकरणाने विषाणूचे फिरणे कमी झाले, थांबले नाही. पूर्वी बहुतेक मुलींना लहानपणीच रुबेला होऊन त्या सुरक्षित होत. आता लस न घेतलेल्या अनेक मुली आजार न होताच मोठ्या झाल्या. १९९३ मध्ये साथ आली, तेव्हा त्या आई होण्याच्या वयात होत्या, आणि ग्रीसमध्ये जन्मजात रुबेलाची बाळे पूर्वीपेक्षा जास्त दिसली. या लशीच्या बाबतीत ‘काहींना दिली, तेवढे तरी झाले’ असे म्हणता येत नाही. भारतात एकदम पंधरा वर्षांपर्यंतचा मोठा गट का घेतला, हे यावरून उमजते. अमेरिका खंडांतून रुबेलाचे उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले आणि ग्रेग यांच्या ऑस्ट्रेलियातून २०१८ मध्ये.

शिक्षिकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. रुबेला झालेले मूल पुरळ उठण्याच्या आठवडाभर आधीपासून तो पसरवू शकते, आणि कित्येकांना पुरळ उठतच नाही. तेव्हा वर्गात कोणापासून लांब बसायचे हे कळायला मार्ग नाही. मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या शिक्षिकेने आपण रुबेलाची लस घेतली आहे का हे आधीच डॉक्टरांशी बोलून पाहावे. लशीत जिवंत, सौम्य केलेला विषाणू असतो, म्हणून ती गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यानंतर एक महिना दिवस राहू देऊ नयेत असे सांगतात. न कळत गरोदरपणात लस घेतली गेलेल्या अनेक स्त्रियांची पुढे नोंद ठेवण्यात आली आहे. त्यांच्या बाळांमध्ये रुबेलाचे जन्मजात दोष आढळलेले नाहीत. तेवढ्या कारणासाठी गर्भ पाडण्याचा सल्ला दिला जात नाही.